अंडं कुठून आलं?

चेंबूर स्टेशनच्या बाहेर दिवेलागणीनंतर भुर्जी-पावच्या गाड्या लागतात. गाडीच्या कडेला कागदी लगद्याचे राखाडी ट्रे एकावर एक रचलेले असतात. एका ट्रेमध्ये तीस अंडी. ही अंडी कुठली, असं गाडीवाल्याला विचारा. तो बाजारातल्या दुकानदाराचं नाव सांगेल. दुकानदार टेम्पोवाल्याकडे बोट दाखवेल आणि टेम्पोवाला फार तर ‘हैदराबाद साइडचा माल’ एवढंच म्हणेल. मुंबईला लागणाऱ्या अंड्यांपैकी बरीचशी तेलंगण, आंध्र, कर्नाटक, तमिळनाडूतून ट्रकनं येतात. भाव मात्र सगळ्यांना पाठ असतो. बी. व्ही. राव यांच्या पुढाकारानं १९८२ साली उभी राहिलेली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती गावोगावचे भाव रोज जाहीर करते, आणि व्यापाऱ्यापासून किराणा दुकानापर्यंत तो आकडा तासाभरात पोचतो. पण समोरचा ट्रे कुठल्या शेडमधून निघाला, हे त्या साखळीतलं कुणीच सांगू शकत नाही.

अंडं खाऊन माणूस आजारी पडला तर त्याला काय करता येतं, हा प्रश्न वरवर डॉक्टरचा आणि वकिलाचा वाटतो. कायदे वाचल्यावर आणि गेल्या काही वर्षांतली प्रकरणं पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे, की सगळं अडतं ते या न सापडणाऱ्या पत्त्यापाशी आणि आजाराच्या पहिल्या दोन दिवसांत.

आधी अंड्यातून पोटात जाणाऱ्या जंतूबद्दल, म्हणजे साल्मोनेलाबद्दल. साल्मोनेला हे नाव डॅनियल सॅल्मन या अमेरिकी पशुवैद्यावरून पडलं. जंतू शोधला तो त्यांचे सहकारी थिओबाल्ड स्मिथ यांनी, १८८५ साली. त्याचे अडीच हजारांहून जास्त उपप्रकार आहेत. अंड्याच्या बाबतीत दोन महत्त्वाचे. टायफिम्युरियम बहुधा कवचावर, चिकटलेल्या विष्ठेतून येतो. एन्टेरिटिडिस जास्त अवघड, कारण तो कोंबडीच्या अंडाशयात शिरतो आणि कवच तयार होण्याआधीच आत जाऊन बसतो. कोंबडी धडधाकट दिसते, अंडं स्वच्छ दिसतं, वास येत नाही. आपल्याकडे पाण्यात टाकून अंडं पारखण्याची पद्धत आहे. तरंगलं तर वाईट, बुडालं तर चांगलं. त्यातून अंड्याचं वय कळतं, जंतू कळत नाही. बुडालेलं ताजं अंडंही दूषित असू शकतं. गावठी अंडं म्हणजे निर्धोक, हीसुद्धा समजूतच. आणि घरी आणल्यावर अंडी थंड पाण्यानं धुऊन ठेवण्यात फायद्यापेक्षा धोका जास्त. कवचावरचा नैसर्गिक लेप निघतो आणि छिद्रांतून पाण्याबरोबर घाण आत ओढली जाते.

सत्तर अंशांच्या वर नीट शिजवलं की साल्मोनेला मरतो. म्हणूनच तव्यावर खरपूस होईपर्यंत परतलेल्या भुर्जीला मी फारशी घाबरत नाही. भीती आहे ती हाफ फ्रायच्या वाहत्या बलकाची आणि तालमीतल्या किंवा जिममधल्या पोरांच्या दुधातल्या कच्च्या अंड्याची. केकचं पीठ चाटणारी लहान मुलंही यातच आली. गाडीवर गर्दीच्या वेळी ऑर्डर पटापट निघावी म्हणून वीस-पंचवीस अंडी एकदम फोडून, फेटून बरणीत भरून ठेवतात. त्यातलं एक अंडं दूषित असलं तर सगळी बरणी दूषित होते, आणि एप्रिल-मेच्या मुंबईत ती दोन-तीन तास बाहेर राहिली तर जंतूला आणखी काही लागत नाही. अंडं फोडलेल्या हातानंच कांदा-कोथिंबीर पेरली आणि पाव दिला, तर तव्याच्या आचेचा उपयोग त्या पावाला होत नाही.

या सगळ्यांत वाईट म्हणजे मेयोनीज. कच्च्या बलकात तेल फेटत केलेला हा पांढरा लेप गेल्या दहा-पंधरा वर्षांत फ्रँकी, मोमो, शोरमा, सँडविच असा सगळीकडे पसरला. तो शिजत कधीच नाही. कंपनीच्या बाटलीतलं मेयोनीज पाश्चरीकृत अंड्याचं किंवा बिनअंड्याचं असतं, त्यात आम्लही पुरेसं असतं. गाडीच्या मागे मिक्सरमध्ये फिरवलेल्या मेयोनीजला यातलं काहीच संरक्षण नसतं.

दक्षिणेतल्या राज्यांनी हे किंमत मोजून शिकलं. केरळच्या कासरगोड जिल्ह्यात चेरुवत्तूर इथे मे २०२२ मध्ये शोरमा खाल्लेल्या एका सोळा वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला, पन्नासहून जास्त लोक आजारी पडले, आणि तिथल्या नमुन्यांत साल्मोनेला व शिगेला सापडले. जानेवारी २०२३ मध्ये केरळनं कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली. हैदराबादेत मोमो खाऊन अनेक जण आजारी पडले, एक महिला दगावली, त्यानंतर ३० ऑक्टोबर २०२४ रोजी तेलंगणानं वर्षभराची बंदी आणली. एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूनंही तेच केलं. अन्न सुरक्षा कायद्याचं कलम ३० राज्याच्या अन्न सुरक्षा आयुक्ताला एखादा पदार्थ एका वेळी एक वर्षापर्यंत बंद करण्याचा अधिकार देतं. महाराष्ट्राला हे कलम नवीन नाही. २०१२ पासून गुटख्यावरची बंदी आपण याच कलमाखाली दर वर्षी वाढवत आलो. जे कलम गुटख्यासाठी वापरायला हात धजावला, ते कच्च्या अंड्याच्या मेयोनीजसाठी वापरणं अवघड नाही. पर्याय बाजारात आहेत, आणि ते गाडीवाल्याला परवडणारेही आहेत.

मुंबईतही अन्नविषबाधेच्या घटना घडल्या आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये चेंबूरच्या आणिक गावातल्या महापालिका शाळेत माध्यान्ह भोजनानंतर सोळा मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. एप्रिल २०२४ च्या अखेरीस गोरेगावात शोरमा खाऊन बारा जण रुग्णालयात गेले. त्यानंतर आठवड्याभरातच मानखुर्दला एका गाडीवर चिकन शोरमा खाल्लेला १९ वर्षांचा तरुण ७ मे २०२४ रोजी केईएम रुग्णालयात दगावला, ट्रॉम्बे पोलिसांनी दोन विक्रेत्यांना अटक केली. त्या प्रकरणात संशय चिकनवर होता, अंड्यावर नव्हता. तरीही ते इथे आठवतं, कारण अशा प्रसंगी आपली यंत्रणा कुणापर्यंत पोचते ते त्यातून दिसतं. ती गाडीपर्यंत पोचते आणि तिथेच थांबते.

आता आजारी पडलेल्याच्या बाजूनं पाहू. समजा, टिळकनगरमधल्या एका बाईंनी शनिवारी रात्री मेयोनीज घातलेली फ्रँकी खाल्ली. साल्मोनेलाची लक्षणं दिसायला साधारण सहा ते बहात्तर तास लागतात. रविवारी दुपारी पोटात मुरडा, ताप, जुलाब, उलट्या. बहुतेकांना हा आजार चार ते सात दिवसांत सोडतो. औषध म्हणजे मुख्यतः पाणी आणि ओआरएस. प्रतिजैविकाची गरज बहुतेकांना नसतेच. तान्ही मुलं, म्हातारी माणसं, गरोदर बायका, मधुमेही, कर्करोगाचे उपचार घेणारे यांचं मात्र वेगळं आहे. त्यांच्यात जंतू रक्तात उतरू शकतो. शौचात रक्त, न उतरणारा ताप, कमी झालेली लघवी यांतलं काही दिसलं तर घरी थांबू नये.

प्रत्यक्षात काय होतं? बाई कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जातात. डॉक्टर जुलाब थांबवणारी गोळी, प्रतिजैविकाचा पाच दिवसांचा कोर्स आणि एक इंजेक्शन देतात. ताप रेंगाळला तर ‘विडाल’ ही रक्ततपासणी करून घेतात आणि टायफॉइड म्हणून मोकळे होतात. टायफॉइडचा जंतू साल्मोनेलाच्याच कुळातला असला तरी तो फक्त माणसात राहतो, कोंबडीत नाही. विडालवरून अंड्यातला साल्मोनेला सिद्ध होत नाही. तो सिद्ध होतो शौचाच्या कल्चरनं, ताप जास्त असेल तर रक्ताच्या कल्चरनं. आणि कल्चरचा नमुना प्रतिजैविकाची पहिली गोळी पोटात जाण्याआधी द्यायला हवा. हे मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण पुढे लिहिलेले सगळे कायदेशीर हक्क या एका नमुन्याच्या डबीवर उभे आहेत. डॉक्टरांना स्पष्ट म्हणावं, ‘डॉक्टर, बाहेरचं खाऊन झालंय, आधी स्टूल कल्चर लिहून द्या.’ केस पेपरवर काय खाल्लं, कुठे, किती वाजता आणि त्रास कधी सुरू झाला, हे लिहून घ्यावं. आणखी कुणी खाल्लं असेल तर त्यांनाही विचारावं. एका माणसाचा जुलाब हा योगायोग ठरतो, एकाच गाडीवर एकाच रात्री खाल्लेल्या चौघांचा ठरत नाही.

दुसरा पुरावा खाण्याचा. उरलेली फ्रँकी फेकून देऊ नये, स्वच्छ डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावी. फ्रीझरमध्ये नको. १ जानेवारी २०२२ पासून खाद्यपदार्थाच्या बिलावर चौदा आकडी परवाना किंवा नोंदणी क्रमांक छापणं बंधनकारक आहे, पण गाडीवर बिल कोण देतं? मात्र आता आपण सगळेच क्यूआर स्कॅन करून पैसे देतो. मोबाइलमधली ती नोंद म्हणजे तारीख, वेळ, रक्कम आणि घेणाऱ्याचं नाव. मला तर गाडीवरच्या ग्राहकाच्या हातात गेल्या काही वर्षांत आलेलं सगळ्यात मोठं साधन हेच वाटतं.

मग तक्रार. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाचं, त्यांचं मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. निःशुल्क दूरध्वनी १८००२२२३६५. केंद्राच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ या ॲपवरूनही तक्रार जाते. अन्नविषबाधेच्या घटनेची दखल घेऊन अहवाल देणं हे अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या नियमांत लिहिलेल्या कर्तव्यांपैकी एक आहे, त्याची मेहेरबानी नव्हे. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे ग्राहक स्वतःही फी भरून पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो, पण खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला तसं सांगावं लागतं. आजारी पडल्यावर मागे जाऊन हे कलम वापरता येत नाही, त्यामुळे आपल्या बाईंना त्याचा उपयोग शून्य. त्यांच्या बाजूनं वेगच हवा. मेयोनीजचं भांडं रोज रात्री धुतलं जातं. तक्रार गुरुवारी केली तर अधिकाऱ्याला शनिवारचं काही मिळणार नाही.

नुकसानभरपाईचे दोन रस्ते आहेत. पहिला अन्न सुरक्षा कायद्याचं कलम ६५. हा कायदा २००६ चा, ५ ऑगस्ट २०११ पासून लागू. ग्राहकाचा मृत्यू झाला तर किमान पाच लाख रुपये, गंभीर इजा झाली तर तीन लाखांपर्यंत, इतर इजेसाठी एक लाखापर्यंत भरपाई देण्याचा आदेश न्यायनिर्णय अधिकारी किंवा न्यायालय देऊ शकतं. ती घटनेपासून सहा महिन्यांच्या आत द्यायची असते. मृत्यू झाला असेल तर वारसांना तीस दिवसांत अंतरिम मदत मिळायला हवी, असंही तिथेच लिहिलं आहे. ही तरतूद चांगली आहे आणि जवळजवळ कुणालाच माहीत नाही. शिक्षेचं कलम ५९ वेगळं. असुरक्षित अन्नानं मृत्यू झाला तर कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. या खटल्याची दखल गुन्ह्यापासून एका वर्षाच्या आत घेतली जावी लागते, आयुक्तांनी कारणं नोंदवून परवानगी दिली तरच तीन वर्षांपर्यंत. पोलीस अशा वेळी फौजदारी कायद्याची कलमं लावतात, पण रामनाथ विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २१ फेब्रुवारी २०२४ रोजी सांगितलं, की भेसळयुक्त व अपायकारक अन्नविक्रीच्या जुन्या दंडसंहितेच्या २७२ आणि २७३ कलमांवर अन्न सुरक्षा कायद्याचं कलम ५९ भारी पडतं. म्हणजे नुसती पोलिसांत तक्रार देऊन थांबणं पुरेसं नाही, अन्न व औषध प्रशासनाकडे जायलाच हवं.

दुसरा रस्ता ग्राहक आयोगाचा. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्यात उत्पादन दायित्वाचं नवं प्रकरण आलं. आजार, इजा, मृत्यू आणि त्यातून आलेला मनस्ताप या सगळ्याची भरपाई मागता येते. चेंबूर मुंबई उपनगर जिल्ह्यात येतं, त्या जिल्ह्याचा ग्राहक आयोग वांद्रे पूर्वेला आहे. आपण जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथे तक्रार दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीवर फी नाही. फ्रँकीची किंमत कितीही असली तरी ती त्यात बसतेच. मुदत दोन वर्षांची. वकील असलाच पाहिजे असं नाही. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, विलेपार्ल्याची मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हेच काम करते आहे. वकील करायचा झाला तर स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींची माणसं यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तो मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

इथवर कायदा आपल्या बाईंच्या बाजूचा वाटतो. पण जबाबदारी कुणाच्या गळ्यात पडते ते पाहा. अन्न सुरक्षा कायद्याचं कलम २७ म्हणतं, की माल कुणाकडून आला हे विक्रेत्याला सांगता येत नसेल तर विक्रेता जबाबदार. ग्राहक कायद्याचं कलम ८६ तेच सांगतं. उत्पादकाची ओळख पटत नसेल तर विकणारा जबाबदार. अंड्याच्या बाबतीत ओळख पटतच नाही, म्हणून दोन्ही कायदे फिरून गाडीवाल्यापाशी येतात. आणि वरच्या टोकाला? अन्न सुरक्षा कायद्याचं कलम १८, पोटकलम ३ वाचा. शेतकरी, शेती, पशुधन आणि शेताच्या पातळीवर तयार होणारा माल यांना हा कायदा लागूच नाही. लहान शेतकऱ्याला जाच होऊ नये हा त्यामागचा हेतू रास्त होता. पण लाखभर कोंबड्यांच्या पिंजऱ्यांची शेड आणि परसातल्या दहा कोंबड्या यांना एकच माप लागलं. एन्टेरिटिडिस अंड्यात शिरतो तो नेमका शेडमध्ये, जिथे कायदा पोचत नाही. कायदा पोचतो तो त्या माणसापर्यंत, ज्याला जंतू दिसणं शक्यच नव्हतं. गाडीवाल्याची चूक नसते असं मी म्हणत नाही. फेटलेली बरणी उन्हात ठेवणं ही चूकच. पण त्याच्याकडून एक लाख वसूल करण्याचा आदेश मिळवला तरी तो देणार कुठून? आपल्या बाईंच्या हातात कागद येईल, पैसे येतीलच असं नाही.

ब्रिटननं प्रश्न दुसऱ्या टोकाकडून सोडवला. डिसेंबर १९८८ मध्ये तिथल्या आरोग्य खात्याच्या कनिष्ठ मंत्री एडविना करी यांनी देशातल्या बहुतेक अंडी-उत्पादनात साल्मोनेला आहे असं जाहीरपणे म्हटलं. अंड्यांचा खप कोसळला, शेतकरी खवळले आणि दोन आठवड्यांत करींना राजीनामा द्यावा लागला. त्यांचं विधान अतिशयोक्त होतं, पण भीती खोटी नव्हती. १९९८ पासून तिथे कोंबड्यांना लस देऊन प्रत्येक अंड्यावर सिंहाचा शिक्का मारायची योजना आली. कवचावरच्या सांकेतिक क्रमांकावरून फार्मपर्यंत जाता येतं. ऑक्टोबर २०१७ मध्ये तिथल्या अन्न यंत्रणेनं शिक्क्याची अर्धकच्ची अंडी गरोदर बायकांना आणि बाळांनाही चालतील असं सांगितलं. अमेरिकेत २०१० साली आयोवातल्या फार्मांवरची पन्नास कोटींहून जास्त अंडी परत मागवली गेली, सुमारे १,९०० जणांच्या आजाराची नोंद झाली. रुग्णांच्या शौचातला जंतू आणि फार्मवरचा जंतू जुळवून पाहता आला, म्हणून बोट फार्मवर ठेवता आलं. मालक डिकॉस्टर पितापुत्रांना २०१५ मध्ये तीन महिन्यांचा तुरुंगवास सुनावला गेला. शिक्षा थोडी वाटते, पण ती फार्मच्या मालकाला झाली, नाक्यावर ऑम्लेट विकणाऱ्याला नाही.

आपल्याकडे शेडपासून सुरुवात करायची तर पहिलं पाऊल स्वस्त आहे. ट्रेवर शेडचं नाव, गाव आणि अंडी गोळा केल्याची तारीख असलेली चिठ्ठी. प्रत्येक अंड्यावर शिक्का नंतर येऊ दे. चिठ्ठी असली तर गाडीवाल्याला कलम २७ मधून सुटण्याची वाट मिळते आणि आजारी माणसाला पैसे देऊ शकणारा प्रतिवादी मिळतो.

दुसरं पाऊल डॉक्टरांचं. अन्न सुरक्षा कायद्याचं कलम ३५ अन्न प्राधिकरणाला असा अधिकार देतं, की एखाद्या भागातल्या नोंदणीकृत डॉक्टरांनी त्यांच्याकडे आलेली अन्नविषबाधेची प्रत्येक घटना कळवावी, असं अधिसूचना काढून सांगता यावं. चेंबूर, गोवंडी, मानखुर्दचे दोन महापालिका विभाग म्हणजे एम पूर्व आणि एम पश्चिम. एवढ्या पट्ट्यापुरती ती अधिसूचना काढली तरी पुष्कळ कळेल. आज त्या शनिवारी एकाच गाडीवर खाल्लेले पाच जण टिळकनगर, घाटला, सिंधी कॅम्प, लल्लूभाई कंपाउंड आणि देवनारच्या पाच वेगळ्या दवाखान्यांत जातात. पाचही जणांना तीच गोळी मिळते, आणि सोमवारी गाडी पुन्हा लागते.